अबोल्याचं बेट

"जावईबापू, त्यांना विचारा, पाणी पाहिजे का."

'ते' म्हणजे माझे सासरे, आणि ते सासूबाईंच्या शेजारीच बसले होते. बाक एकच. दोघांच्या मध्ये धपाट्यांचा स्टीलचा डबा आणि पाण्याची बाटली. सासूबाईंनी नुसता हात लांब केला असता तरी बाटली पोचली असती, पण ते नियमात बसत नव्हतं. मी बाबागाडी थांबवली, बाकासमोर जाऊन उभा राहिलो आणि विचारलं, "अण्णा, पाणी पाहिजे का?"

अण्णांनी माझ्या तोंडाकडे बारकाईनं पाहिलं. "नको म्हणावं."

"नको म्हणतात," मी सासूबाईंना सांगितलं.

"ऐकलं मी. मला कान आहेत."

समोर ओर्ताचं तळं होतं. उत्तर इटलीत मोठ्या नामांकित तळ्यांच्या गर्दीत हे एक छोटं तळं आहे, त्याच्या काठावर जुनं दगडी गाव, आणि तळ्याच्या मधोमध एक बेट. आम्ही जवळच नोव्हारात राहतो. माझी बायको संयोगिता लोकरीच्या एका गिरणीत इंजिनियर आहे. मी घरून काम करतो, आणि घरून काम करणारा माणूस रिकामाच असतो हे सासरच्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे सासू-सासऱ्यांना फिरवण्याचं खातं माझ्याकडे आलं. संयोगितानं कुठलंसं पान वाचून ठेवलं होतं: तळ्याकाठच्या सोप्या फेऱ्या, बाबागाडी जाते, सगळ्या कुटुंबाला योग्य. ते लिहिणाऱ्यानं आमचं कुटुंब पाहिलं नव्हतं.

कुटुंब म्हणजे त्या दिवशी आम्ही चौघं. मी, बाबागाडीत चार वर्षांची रेवा, आणि इचलकरंजीचे रामलिंग व सुगंधाबाई दिवटे. पैकी शेवटच्या दोघांचा दीड महिन्यापासून अबोला होता.

अबोला घरोघरी असतो, त्यात विशेष काही नाही. अबोल्यात बोलणं बंद होत नाही, उलट वाढतं, फक्त ते तिसऱ्या माणसावरून वळसा घालून जातं. इचलकरंजीला अशी माणसं भरपूर. शेजारीण, दूधवाला, दारावर आलेला कोणीही. "बघा हो भाऊ, यांना सांगा, भाजी संपलीय." नोव्हारात मात्र मी एकटाच. रेवाला एकदोनदा नेमून पाहिलं, पण ती निरोपात स्वतःची मागणी घुसडायची. "आजी म्हणते चहा घ्या, आणि रेवाला चॉकलेट द्या."

कारण विचारलं तर सासूबाई एवढंच सांगत, "मी त्यांना एक गोष्ट विचारली. वटपौर्णिमेला. त्यांनी उत्तर दिलं नाही. मान सुद्धा वर केली नाही. उत्तर येईपर्यंत मी बोलणार नाही."

"काय विचारलंत?"

"ते मी त्यांना विचारलंय. तुम्हाला नाही."

अण्णांना विचारलं तर ते म्हणत, "मला कोणी काही विचारलंच नाही." बायकोनं काही विचारलंच नाही असं सांगणारा नवरा खोटं बोलत असतो हे मला स्वतःच्या अनुभवावरून माहीत होतं, म्हणून मी पुढे खोदलं नाही.

हे सगळं मी गंमत म्हणून पाहिलं असतं. पण शनिवारी दोघांचं मिलानहून परतीचं विमान होतं, आणि ओर्ताला निघायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी भाजी निवडता निवडता जाहीर केलं होतं की त्या जाणार नाहीत. "व्हिसा आहे तोवर मी लेकीकडे राहते. मग पुढचं पुढं. त्यांना जाऊ दे एकटं. तिकडं तरी कुठं मी आहे त्यांना."

मी खरं तेच सांगतो, पहिली काळजी मला माझीच वाटली. आमचं घर दोन खोल्यांचं. माझं कामाचं टेबल एव्हाना देव्हारा झालं होतं. पण अण्णांना हा निरोप दिला तेव्हा त्यांनी नेहमीसारखं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, "राहू दे. पोरीकडं सुखात राहील." आणि त्या दिवशी ते जेवलेच नाहीत. मला एकदम वाईट वाटलं. सत्तरीचा माणूस एकटा कुलूप उघडून घरात शिरणार, पोहे करून खाणार. माझ्या टेबलाचा विचार मी तेवढ्यापुरता बाजूला ठेवला.

"चला," मी बाकापाशी म्हणालो. "पुढची वाट पाण्याच्या अगदी कडेनं आहे."

"त्यांना सांगा, टोपी घाला," सासूबाई उठता उठता म्हणाल्या. "ऊन लागून पडले तर उचलायला इथं माणसं नाहीत."

मी अण्णांकडे वळलो. "अण्णा, ऊन आहे, टोपी घाला म्हणतात आई. त्यांना काळजी वाटते तुमची."

"असं म्हणाली? काळजी बिळजी?"

"हो."

अण्णांनी टोपी घातली आणि मिशीतल्या मिशीत हसले. सासूबाई माझ्या बाजूला येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, "मी कुठं म्हणाले काळजी? तुम्ही फार गोड करून सांगता हो. जसंच्या तसं सांगत जा."

वाट खरोखर सुंदर होती. एका बाजूला बागांच्या जुन्या भिंती, दुसऱ्या बाजूला हात घालता येईल इतकं जवळ पाणी, आणि येणारीजाणारी माणसं एकमेकांना हसून नमस्कार करणारी. सासूबाई प्रत्येकाला उलट नमस्कार घालत होत्या, अगदी कुत्र्यांना सुद्धा. अण्णा पुढे. मागून सायकलवाला घंटी वाजवत आला तरी ते मधूनच चालत राहिले आणि सायकलवाला गवतात उतरला. "मालक आहेत रस्त्याचे," सासूबाई म्हणाल्या.

मालक ते खरेच होते, एके काळी. स्वतःच्या घरामागे आठ यंत्रमाग. सोळाव्या वर्षापासून त्या खटाट्यात उभे. मागावर माणूस माणसाशी बोलूच शकत नाही, सगळं ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून चालतं. अण्णांना जुन्या सवयीनं बोलताना समोरचा माणूस समोरच लागे. "समोर या की, पाठीमागून काय बोलता," हे त्यांचं नेहमीचं. माझ्या तोंडाकडे ते इतकं रोखून बघत की पहिले आठ दिवस मला वाटायचं, मिशीला काहीतरी लागलंय. मी रोज जेवून आरशात पाहायचो.

गावाच्या चौकातून बेटावर होड्या जातात. आम्ही बसलो, आणि होडी हलली म्हणेपर्यंत बेट जवळ आलं. मी मोबाईलवर वाचून दाखवत होतो. कोण्या संताला पलीकडे जायचं होतं, बेटावर साप आणि अजगर होते म्हणून कोणी नावाडी त्याला नेईना, तेव्हा त्यानं अंगावरचं वस्त्र पाण्यावर पसरलं आणि त्यावरून तरंगत गेला.

अण्णा माझ्यासमोर बसले होते. त्यांना ही गोष्ट मनापासून पटली नाही.

"कुठलं कापड?"

"ते दिलेलं नाही."

"सुती असतं तर बुडाला असता. लोकर असती तर भिजून आणखी जड. रेशीम म्हणावं तर साधूला कुठलं रेशीम?" त्यांनी पाण्याकडे पाहून विचार केला. "खळ चांगली दिली असणार. घट्ट खळ दिली तर जाईल थोडं अंतर."

"त्यांना सांगा, देवाधर्माच्या गोष्टीत सूत काढू नका."

"आईंना गोष्ट आवडली," मी अण्णांना सांगितलं.

बेटावर मोठं चर्च आणि जोगिणींचा मठ आहे, आणि सगळ्या बेटाला वळसा घालणारी एक दगडी गल्ली. ती मौनाची वाट. जागोजागी शांततेविषयी सुविचाराच्या पाट्या, चार चार भाषांत. सगळ्यांचा मथितार्थ एकच, तोंड बंद ठेवा. माणसं खरोखर कुजबुजत चालत होती. ज्या घरातून मी आलो होतो तिथे याच कामासाठी दीड महिना खपलेली दोन माणसं माझ्याबरोबर होती. त्यांना इथे नुसतं नेमून घ्यायला हवं होतं.

"रेवा, इथे हळू बोलायचं," मी म्हणालो.

"का?"

"इथल्या सगळ्या मावश्यांनी अबोला धरलाय."

रेवानं वरच्या बंद खिडक्यांकडे पाहिलं. "मग त्यांचे निरोप कोण सांगतं?"

"देव सांगत असेल."

"तो गोड करून सांगतो?"

सासूबाई खुसकन हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. मग माझ्या जवळ येऊन म्हणाल्या, "जागा बरी आहे ही. सगळ्या बायका. कोणी कोणाला विचारत नाही, कोणाचं उत्तर येत नाही म्हणून जीव जळत नाही. इथं एखादी खोली मिळते का विचारून ठेवा."

"आई, शनिवारचं पक्कंच का?"

"पक्कं."

"अण्णांना जड जाईल."

"मला नाही गेलं? एवढी वर्षं?" त्यांचा आवाज भरून आला, आणि तो लपवायला त्या एक पाटी वाचायला लागल्या. पाटी इटालियनमध्ये होती.

अण्णा मात्र मजेत होते. इचलकरंजीहून आल्यापासून मी त्यांना एवढं मोकळं पाहिलं नव्हतं. हात पाठीमागे बांधून, मान वर करून, खिडक्या, कौलं, कोनाडे बघत चालले होते. कोणाच्या तोंडाकडे पाहात नव्हते. त्यांना पाहून मला वाटलं, या माणसाला बायकोच्या अबोल्याचं काहीच नाही. मनात म्हटलं, आई बरोबर बोलतायत, हा गृहस्थ दगड आहे. जावयानं सासऱ्याबद्दल असा विचार करू नये, पण केला.

एका ठिकाणी दोन भिंतींमध्ये फट होती आणि तिथून दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या. अण्णा उतरून खालच्या एका पायरीवर जाऊन बसले, तळ्याकडे तोंड करून. आम्ही वर कठड्यावर टेकलो. सासूबाईंनी डबा उघडला, धपाट्यावर लोणी घातलं, गुंडाळी केली आणि रेवाच्या हातात दिली.

"जा, आजोबांना देऊन ये."

रेवाला पायऱ्या उतरताना मी मागून धरलं. अण्णांच्या पाठीशी हातभर अंतरावर उभी राहून ती वाटेचा नियम पाळत हळूच म्हणाली, "आजोबा."

अण्णा बदकं बघत होते.

"आजोबा," रेवा थोडं मोठ्यानं म्हणाली. मग नियम मोडून चांगलीच ओरडली, "आजोबा, धपाटं!"

अण्णा बदकं बघत होते. रेवाचा ओठ थरथरायला लागला. ती वळली, माझा हात सोडून पायऱ्या चढली आणि आजीच्या मांडीत तोंड खुपसून रडायला लागली. मीही मागोमाग वर आलो.

"आजोबांनी माझ्याशी पण अबोला धरला."

सासूबाई ताडकन उठल्या. "पोरीवर काढतात राग? पोरीवर?" डोळ्यांत अंगार. आता दीड महिन्याची वाफ एकदम निघणार म्हणून मी बाबागाडीचा दांडा धरून ठेवला. पण एक पायरी उतरून त्या थांबल्या. अण्णांच्या पाठीकडे बघत राहिल्या. रेवा हा अण्णांचा जीव. तिच्यासाठी ते चालू माग टाकून धावत आले असते. ते तिच्यावर रागावणं शक्य नव्हतं, हे त्या माझ्याहून चांगलं जाणत होत्या.

त्या परत वर आल्या. डब्याचं स्टीलचं झाकण उचललं, हात वर नेला आणि दगडी फरशीवर सोडून दिलं.

झांजा आपटाव्यात तसा आवाज झाला. झाकण गरगर फिरत, वाजत, बराच वेळ वाजतच राहिलं. गल्लीतलं एक वयस्क जोडपं दचकून भिंतीला चिकटलं. मठाच्या बाजूला वर कुठेतरी खिडकीचं दार उघडलं. बदकं उडाली. अण्णांनी मान वर करून ती का उडाली म्हणून आकाशात पाहिलं, आणि पुन्हा पाण्याकडे बघायला लागले.

"कधीपासून?" सासूबाईंनी मला विचारलं, जणू मला माहीत होतं.

मला माहीत नव्हतं, पण आता सगळं एका ओळीत उभं राहिलं. माझी मिशी. समोर या की. सायकलची घंटी. संयोगिताचा फोन आला की 'थांब, आईला देतो' म्हणून तो लगेच दुसऱ्याच्या हातात देणं. ते तर सगळेच बाप करतात, त्यामुळे कोणाला संशय आला नाही.

"आणि मी बोलते स्वयंपाकघरातून," सासूबाई म्हणाल्या. "जन्मभर पाठीमागूनच बोलले मी त्यांच्याशी."

त्या पायऱ्या उतरल्या. अण्णांच्या बाजूनं गेल्या आणि त्यांच्या पुढ्यात उभं राहायला जागा पाहिजे म्हणून आणखी दोन पायऱ्या उतरल्या. शेवटची पायरी पाण्याखाली होती. चपला, पायातली जोडवी, नऊवारीचा काठ, सगळं इटलीच्या तळ्यात गेलं. अण्णा घाबरून अर्धवट उठले.

"कानाला काय झालंय तुमच्या?" सासूबाईंनी विचारलं. सरळ. मधे मी नाही.

अण्णांनी सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी निरोप सांगितला नाही. तेवढी अक्कल मला होती.

"कान!" सासूबाई स्वतःच्या कानाला हात लावून म्हणाल्या.

अण्णा बसले. त्यांनी टोपी काढून हातात फिरवली.

"माग," ते म्हणाले. "विकून एवढी वर्षं झाली, पण आत चालूच आहेत. आठच्या आठ. त्याच्यातनं दुसरं काही येत नाही."

"मला का सांगितलं नाही?"

"आमचा म्हातारा बहिरा झाला तेव्हा आम्ही पोरं त्याच्या पाठीमागं उभं राहून काय काय बोलायचो. आठवतंय? तू नवी नवरी होतीस. तू पण हसायचीस पदर लावून."

पाणी सासूबाईंच्या घोट्याशी हलत होतं.

"आणि मी दीड महिना तोंड उघडलं नाही, तेव्हा विचारलं का नाही, का म्हणून?"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. तू सांगितलेलं मला ऐकू आलं नसतं. मग कळलं असतं तुला." अण्णांनी मान खाली घातली. "म्हटलं, चुकलं असंल आपलंच काहीतरी. राहू दे बोलायची नाही तर. आणि जावईबापू चांगलं सांगायचे की समोर येऊन. लग्न झाल्यापासून तुझं इतकं बोलणं मला कधी कळलं नव्हतं."

मी वर वाकून पडलेलं झाकण उचललं आणि उगाच रुमालानं पुसत राहिलो.

"वटपौर्णिमेला काय विचारलंवतंस?" अण्णा म्हणाले.

सासूबाई एकदम लाजल्या. त्यांनी वर पाहिलं. झाकणाच्या आवाजानं गल्लीत पाचसहा माणसं जमली होती, आणि सगळी मौनाच्या वाटेवर असल्यामुळे अत्यंत शांतपणे आमच्याकडे बघत होती. सासूबाई तोंडाला पदर लावून काहीतरी पुटपुटल्या.

"पदर काढ की. कसं कळणार?"

त्यांनी पदर काढला, पण मान खाली.

"वर बघ. आणि मोठ्यानं सांग."

मग सासूबाईंनी एक श्वास घेतला आणि आठ मागांच्या वरताण आवाज काढला.

"मी म्हटलं, इतकी वर्षं वडाला सूत गुंडाळते! घरच्या मागावरचं सूत! सात जन्म तुम्हालाच मागते! तुम्हाला कधी कोणी विचारलंच नाही! मी चालेन का तुम्हाला? पुढच्या वेळी?"

आवाज समोरच्या काठापर्यंत जाऊन परत आला. वरून कोणीतरी "शूऽऽ" केलं.

"तुम्हाला नाही विचारलं!" सासूबाई वर बघून म्हणाल्या.

अण्णांना या वेळी सगळं कळलं होतं. माणसानं अशा वेळी पटकन हो म्हणून टाकावं, पण हा माणूस विचार करायला लागला. कापड बघताना करायचे तसे डोळे बारीक केले. सासूबाईंचा चेहरा उतरत चालला, आणि मला पळत जाऊन गोड करून सांगावंसं वाटलं.

"हा कितवा?" अण्णांनी विचारलं.

"काय कितवा?"

"हा जन्म. सातातला कितवा आपला?"

"मला काय माहीत? कुणी मोजलेत?"

"मग हा सातवाच असला तर?" अण्णा म्हणाले. "मग संपलंच की सगळं. तू आणखी सात मागून ठेव."

सासूबाई पाण्यातच पायरीवर बसल्या, आणि हसतायत का रडतायत ते मला वरून कळेना. रेवाला विचारलं तर ती म्हणाली, "दोन्ही."

थोड्या वेळानं सासूबाई नाक पुसून म्हणाल्या, "इथं कुठं आलाय वड?"

अण्णांनी हातानं गल्ली दाखवली. "ही वाट फिरून इथंच येते की. घाल फेरी."

आणि त्यांनी घातली. चिंब भिजलेल्या चपला फचक फचक वाजवत माझ्या सासूबाई मौनाच्या वाटेनं सबंध बेटाला एकट्या फेरी घालून आल्या. पाटी दिसेल तिथं हात जोडत. अण्णा तोवर पायरीवर बसून धपाटं खात होते. आमची होडी चुकली.

पुढच्या होडीत त्या दोघांच्या मध्ये मी बसायला गेलो, तर अण्णा म्हणाले, "तुम्ही तिकडं बसा." निरोप्याची माझी नोकरी तिथेच गेली. संयोगिताला सांगितलं तर ती वडिलांच्या गळ्यात पडून रडली आणि मग मला ओरडली की एवढे दिवस घरात राहून तुझ्या कसं लक्षात आलं नाही. शनिवारी दोघंही विमानात बसले. माझं टेबल मला परत मिळालं, तरी पुढे कितीतरी दिवस तिथे बसलं की उदबत्तीचा वास यायचा.

इचलकरंजीला गेल्यावर अण्णांनी कानाचं यंत्र घेतलं. सासूबाई सांगायच्या, "दुसऱ्या कुणाचं बोलणं आलं की लावतात. माझं सुरू झालं की काढून समोर येऊन बसतात. म्हणतात, तुझं मला असंच बरं कळतं."

गेल्या वर्षी अण्णा गेले.

या जूनमध्ये आम्ही सासूबाईंना नोव्हाराला घेऊन आलो. वटपौर्णिमा जवळ आली तशा त्या गप्प गप्प झाल्या. गावाकडे गल्लीतल्या बायका हळदीकुंकू घेऊन नटूनथटून वडाला जातात, तेव्हा नवरा गेलेल्या बाईला कोणी चल म्हणत नाही. वाईट कोणी बोलत नाही, नुसतं बोलावत नाही. मला त्याचा संताप येतो, पण संतापून सासूबाईंना काय मिळणार होतं.

पौर्णिमेला सकाळी त्या चहाचा कप ठेवत म्हणाल्या, "जावईबापू, त्या बेटावर जायचं. वडाला मी चालत नाही. बेटाला कोण विचारतंय?"

संयोगितानं गिरणीतून लोकरीच्या धाग्याचा एक गुंडा आणून ठेवला होता. तिला कोणी सांगितलं नव्हतं. होडीच्या धक्क्यावर कठड्याला सासूबाईंनी धाग्याचं टोक बांधलं आणि गुंडा उलगडत गल्लीतून चालायला लागल्या. संयोगिता त्यांचा हात धरून. रेवा आता बारा वर्षांची, उंच झालीय आणि आमच्यासोबत दिसणं तिला परवडत नाही, ती दहा पावलं पुढे. मी सगळ्यांच्या मागे. कोणी पाय अडकून पडू नये म्हणून मी टोक सोडून घेतलं आणि त्या जेवढं उलगडत होत्या तेवढं मागून गुंडाळत चाललो.

त्या पायऱ्यांपाशी आल्यावर त्या थांबल्या. गुंडा संयोगिताच्या हातात दिला आणि एकेक पायरी उतरत पाण्यातल्या शेवटच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. तळ्याकडे तोंड करून.

"अहो, ऐकलंत का!" त्या ओरडल्या. "आणखी सात मागितले!"

वर कोणीतरी "शूऽऽ" केलं. सासूबाईंनी या वेळी तिकडे लक्ष दिलं नाही. त्या पाण्याकडे बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. मग वळल्या आणि सगळ्यांना सोडून माझ्याकडे पाहिलं.

"जावईबापू, काय म्हणाले?"

मी गुंडाळलेला धागा खिशात ठेवला, पायऱ्या उतरून त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो.

"चालेल म्हणतात," मी सांगितलं.

"तुम्ही गोड करून सांगता."

"नाही, आई," मी म्हणालो. "जसंच्या तसं."